पेशवाईतल्या बायका जमाखर्चात शोधा

पेशवाईतल्या स्त्रियांवर संशोधन करायचं तर काय करावं, असं तुम्ही विचारलंत. नेट-सेट, पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा हे तुम्हाला ठाऊक असणारच. अठराव्या शतकातल्या स्त्रियांवर काम करायला निघालेले बहुतेक जण जिथे अडकतात, मीही जिथे अडकले, तेवढंच नीट सांगते.

इतिहासकार गो. स. सरदेसायांनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे, म्हणजे पेशव्यांच्या सरकारी कागदपत्रांचे, 45 खंड (1930 ते 1934) हाताशी असतात. त्यातला सामाजिक बाबींचा खंड काढायचा, चार पत्रं उचलायची, झालं प्रकरण तयार! कृपा करून असं करू नका. ती निवड आहे आणि तिचा भर राजकारणावर आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडून बसावंच लागतं. तिथेही साधी बाई वेगळ्या मथळ्याखाली मिळत नाही, जमाखर्चात मिळते. कमाविसदाराच्या (महसूल गोळा करणाऱ्या अधिकाऱ्याच्या) हिशेबात जमेच्या बाजूला बाईचं नाव, जात, आरोप बदकर्माचा (व्यभिचाराचा), पुढे दंडाचे रुपये. दंड भरणारं कोणी नसलं, की तिला सरकारी कुणबीण, म्हणजे गुलाम, करून किल्ल्यावर नाहीतर कोठीवर (सरकारी कोठारावर) धाडत. मग ती तिथल्या खर्चात येते, धान्या-कापडाच्या ओळीत. म्हणजे आधी जमेत, नंतर खर्चात, आणि दोन्ही कागद वेगवेगळ्या रुमालांत! एकच वाचलात तर अर्धी बाई हाती लागते. विधवेच्या पाटावर (पुनर्विवाहावर) सरकार घेई तो पाटदामही असाच हिशेबात दडलेला.

पैसे देऊन लिप्यंतर करून घेणं मला पटत नाही. नेमकी आपल्याला हवी ती ओळ किरकोळ म्हणून गळते. मोडी स्वतः शिका. सुरुवातीला पान पान अडतं, पण सरावाने वळण डोळ्यांत बसतं, घाबरू नका. कागदांवर सुहूर सन ही जुनी कालगणना असते; इसवी सन काढायला त्यात जूनपासून डिसेंबरपर्यंत 599 आणि जानेवारीपासून मेअखेरपर्यंत 600 मिळवायचे; पानिपतचं 1161 म्हणजे जानेवारी 1761. मार्गदर्शक नावाजलेला नसला तरी चालेल, शेजारी बसून कागद वाचणारा हवा.

नोकरीचं स्पष्ट सांगते: तासिका तत्त्वावर वर्षं जातात. वारसा फेऱ्या, संग्रहालयातली कामं यांना कमी लेखू नका. शनिवारवाड्यावर लोकांना ‘ध’चा ‘मा’ आणि मस्तानीच ऐकायची असते. तेही सांगा, पण कुणबिणींपर्यंत त्यांना न्याच. लोक ऐकतात, खूप मनापासून ऐकतात. फक्त शिक्षा झालेल्या बाईचं गाव आणि आडनाव गर्दीत उच्चारू नका. तिच्या घरातलं कुणी समोर उभं असू शकतं.