लेट्यूसचं बी मातीत टाकण्याआधी

बियांचं पाकीट फोडण्याआधी हवा बघा. लेट्यूस गारव्याचं पीक आहे. तापमान १५ ते २० अंशांच्या आसपास असलं की बी आठवड्याच्या आत वर येतं. पारा ३० च्या पुढे गेला की तेच बी मातीत नुसतं पडून राहतं आणि दोष बियाण्यावर येतो. शिवाय उन्हाळ्यात वाढलेल्या रोपाची पानं कडू होतात, मधून दांडा निघतो आणि रोप फुलावर येतं. दांडा निघालेलं रोप पुन्हा चांगल्या पानांवर येत नाही. पुढचे सहा-सात आठवडे हवा गार राहणार असेल तरच बाकीची जमवाजमव करा.

मग जागा ठरवा. सकाळचं चार-पाच तास ऊन आणि दुपारी सावली मिळाली तर उत्तम. दिवसभर तापणाऱ्या भिंतीला कुंडी टेकवू नका, ती भिंत रात्रीसुद्धा ऊब सोडत राहते. उन्हाचा कडाका वाढलाच तर वरून बांधायला हिरवी जाळी आधीच आणून ठेवा.

कुंडी खोल नसली तरी चालते. लेट्यूसची मुळं वरवरच पसरतात, त्यामुळे १५ ते २० सेंटिमीटर खोली पुरते, पसरट भांडं मात्र हवं. ६० सेंटिमीटर लांबीच्या ट्रेमध्ये सुट्या पानांची, म्हणजे गड्डा न धरणारी, तीन-चार रोपं मोकळेपणाने वाढतात. तळाला भोकं आहेत ना, ती बुजलेली नाहीत ना, हे कुंडी उलटी करून पाहा. निचरा व्हावा म्हणून तळाला खडी किंवा विटांचे तुकडे घालायची पद्धत सरसकट आढळते, पण ती घालू नका. पाणी त्या थराच्या वर मातीतच अडकून राहतं आणि मुळांच्या वाट्याची जागाही कमी होते.

खरा वेळ द्यायचा तो मातीला. मी दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चाळलेलं गांडूळ खत आणि एक भाग भुसभुशीत माती घेते. कोकोपीट भिजवून, पिळून, ते पाणी एक-दोनदा टाकून द्या. त्यात बऱ्याचदा क्षार असतात आणि लेट्यूसला ते सोसत नाहीत. खत पूर्ण कुजलेलं हवं. हातात घेतल्यावर उग्र वास आला किंवा गरम लागलं तर ते आणखी काही आठवडे बाजूला ठेवा. मिश्रण ओलं करून मूठभर घ्या आणि दाबा. बोटांतून पाणी निथळलं तर ओल जास्त झाली आणि मूठ उघडताच भुगा झाला तर कमी. गोळा बनावा आणि अंगठ्याने टोचताच अलगद फुटावा, हा वाफसा. पेरणीच्या आदल्या दिवशीच कुंडी भरून, पाणी देऊन ठेवा, म्हणजे माती बसते.

बियाणं निवडताना पहिल्या खेपेला सुट्या पानांची जात घ्या. तिची कोवळी पानं महिन्याभरात कापता येतात. घट्ट गड्डा धरणाऱ्या आइसबर्गला अडीच महिन्यांच्या आसपास सलग गारवा लागतो आणि घरच्या कुंडीत ते जमवणं कठीण. पाकिटावरचं वर्ष वाचा, हे बी फार वर्षं टिकत नाही. एका ग्रॅममध्ये आठशेच्या वर बिया असतात, म्हणून चिमूटभरच काढा आणि उरलेलं पाकीट कोरड्या, गार जागी ठेवा. पेरताना बी खोल गाडू नका. त्याला उगवायला उजेडाची मदत होते. मातीवर भुरभुरा, बोटाने हलकेच दाबा आणि वर मातीची जेमतेम पापुद्र्याएवढी चाळण द्या. माझी पहिली पेरणी बोटभर खोल झाली होती आणि पंधरा दिवस वाट पाहूनही एक रोप वर आलं नाही.

पाण्यासाठी बारीक फवाऱ्याची बाटली हवीच. झारीच्या जाड धारेने एवढंसं बी एका कोपऱ्यात वाहून जातं. रोपं मोठी झाल्यावर झारी चालेल. पण रोज पाणी कोण घालणार, तुम्ही घरी नसाल तेव्हा कोण, हे आधीच ठरवा. माती एकदा खडखडीत वाळली, मग एकदम चिंब झाली, असं होत राहिलं की कोवळ्या पानांपर्यंत कॅल्शियम नीट पोचत नाही आणि त्यांच्या कडा तपकिरी होऊन जळतात. अशा वेळी खत वाढवून उपयोग होत नाही, पाणी नियमित करावं लागतं.

विरळणीसाठी छोटी कात्री जवळ ठेवा. दाटीतली रोपं उपटली की शेजारच्यांची मुळं हलतात, त्यामुळे ती बुडाशी कापलेली बरी. मावा ही बारीक कीड पानाच्या पाठीमागे बसते, म्हणून पाणी घालताना दोन पानं उलटून पाहायची सवय लावून घ्या. गोगलगायींचा त्रास असेल तर कुंडी स्टँडवर ठेवा.

शेवटी कॅलेंडरवर पेरणीच्या तारखेपासून दर पंधरा दिवसांनी एक खूण करा. प्रत्येक खुणेला दुसऱ्या कुंडीत आणखी चिमूटभर बी पडलं, की पहिल्या कुंडीतली पानं संपेपर्यंत पुढची कापायला आलेली असतात.