काटा २०० वरच थांबवा

पीसीपी रायफलच्या (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी एअर रायफल) सिलिंडरवर छापलेला हवेच्या दाबाचा आकडा २०० बार असेल, तर २०० लाच थांबायचं. रेग्युलेटर, म्हणजे दाब एकसारखा ठेवणारा भाग, नसलेल्या रायफलीत जास्त भरून छर्रा जोरात जात नाही. उलट आतल्या दाबामुळं हॅमरला (व्हॉल्व्हवर आपटणारा आतला ठोकळा) व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही आणि वेग पडतो. नळ हळू सोडा. हवा तापते, गार झाल्यावर काटा उतरतो, मग उरलेलं भरा. कोल्हापूरच्या आषाढातल्या दमट हवेत हातपंप मारत असाल, तर अधूनमधून पंपाचा ब्लीड व्हॉल्व्ह (दाब सोडायची कळ) उघडून पाणी काढा, नाहीतर सिलिंडर आतून गंजतो. ओ-रिंगला (हवा अडवणारी रबरी कडी) सिलिकॉन ग्रीसच. साधं तेल दाबाखाली पेट घेऊ शकतं, आणि ऑक्सिजन तर भरायचाच नाही! लेथवर नळी कोरून घेणं, जाड बर्स्ट डिस्क (दाब अती झाला की फुटून हवा सोडणारी चकती) बसवणं, असली कलाकुसर बंद. मुदत संपलेला सिलिंडर बदला, चाचणीला न्यायचा तर रिकामा करून.