तंबाखू सोडताना आधी डोक्यातली वाक्यं तपासा

तंबाखूने कॅन्सर होतो हे पुडीवरच छापलेलं असतं, फोटोसकट. खाणाऱ्याला ते ठाऊक असतं. तरी पुडी सुटत नाही, कारण बार भरताना डोक्यात जे वाक्य येतं ते कॅन्सरबद्दल नसतंच. ‘याशिवाय काम सुरू होत नाही’, ‘एवढ्याने काय होतंय’, ‘समोरच्याने हात पुढे केला, नाही कसं म्हणू’ असलं काहीतरी असतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या आणि कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचं म्हणणं हेच आहे: घटना आणि वागणं यांच्या मध्ये एक समजूत बसलेली असते. तिला हात न लावता घेतलेली शपथ सहसा टिकत नाही.

पहिले तीन दिवस काहीही सोडू नका, नुसती नोंद ठेवा. खिशातल्या डायरीत वेळ, जागा, सोबत कोण आणि मनातलं वाक्य एवढंच लिहा. वाक्य जसंच्या तसं, शिवीसकट. रात्री आठवून लिहू नका, तोवर मन सोयीची कारणं रचतं. आणि लिहायचं ते मळायच्या आधी. नंतर हात चुन्याचे होतात.

चौथ्या दिवशी वही वाचली की दिसतं, बार कितीही असोत, वाक्यं चार-पाचच असतात. त्यांतलं एकेक घेऊन विचारा: यात खरं किती?

‘सकाळी तंबाखूशिवाय पोट साफ होत नाही’ हे घ्या. ही नुसती अंधश्रद्धा नव्हे. निकोटिनमुळे आतड्यांची हालचाल खरंच वाढते, त्यामुळे सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होऊ शकतं. ‘तसं काही नसतं’ असं सांगणाऱ्यावर म्हणूनच कुणी विश्वास ठेवत नाही. पण ‘होतच नाही’ हा भाग खोटा आहे. उठल्याबरोबर कोमट पाणी, रात्रीच्या जेवणात पालेभाजी, सोबत पपई किंवा भिजवलेले मनुके, आणि दोन-तीन आठवडे धीर. नवं वाक्य असं लिहा: ‘थोडे दिवस त्रास होईल, मग पोट आपलं आपण चालेल.’ वाक्य पटणारं हवं, गोडगोड नको.

‘खाल्ल्याशिवाय डोकं चालत नाही’ यातली तरतरी बरीचशी तलफ भागल्याची असते. तलफ तंबाखूनेच लावलेली. ‘दात ठणकतो म्हणून लावतो’ याला उत्तर दाताचा डॉक्टर. तंबाखू दुखणं झाकते, कीड तशीच राहते. मिसरीचं वाक्य तर वेगळंच, ‘मी कुठे तंबाखू खाते, दात घासते’. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, तीही वहीत मोजा.

कामाच्या जागी एक खरी अडचण असते. तंबाखू खाणाऱ्याला दहा मिनिटं बाहेर जायचं निमित्त मिळतं. न खाणारा मशीनपाशीच उभा. सोडणाऱ्याची पुडी जाते आणि विश्रांतीही जाते, मग तो आठवड्याभरात परततो. म्हणून सुपरवायझरशी आधीच बोला: विश्रांतीची वेळ तीच राहील, जागा बदलेल. सुपरवायझरनेही दंडापेक्षा एवढं केलं तरी पुष्कळ.

आता प्रत्येक प्रसंगाला ‘असं झालं तर असं करीन’ ठरवा. ‘जेवण झालं, की लगेच चूळ भरून बडीशेप.’ ‘कुणी चुन्याची डबी पुढे केली, की म्हणेन, मी खात नाही.’ ‘सध्या बंद आहे’ म्हणू नका. श्रावणात सोडणारे नेमके इथे फसतात. ‘सध्या’ संपला की पुडी परत येते. पण महिनाभर न खाता राहिलात, हा ‘मला जमणारच नाही’ या वाक्याविरुद्धचा पुरावा आहे, तोही वहीत लिहा. बडीशेपेऐवजी सुपारी मात्र नको, सुपारीनेही कॅन्सर होतो.

तलफ सहसा काही मिनिटांत ओसरते. पहिला आठवडा सर्वांत कठीण: चिडचिड, झोपमोड, भूक. फार खाणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून निकोटिनचं च्युइंगम घ्यावं. ते सतत चघळत राहिलात तर उचकी आणि मळमळ होते; चव तिखट लागेपर्यंत चावा, मग गालात धरा, असं आलटूनपालटून अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं चहा नको. तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर फोन फुकट आहे.

सवय २१ दिवसांत लागते, हा हिशेब विसरा. पाणी पिणं, चालणं अशा नव्या सवयींवर लंडनमध्ये झालेल्या अभ्यासात साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८, कुणाला २५४. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलंही नाही. तंबाखूत बिघडवतं ते चुकीनंतरचं वाक्य: ‘आता खाल्लीच आहे, तर पुडी संपवू.’ ते आलं की उरलेली पुडी तिथेच पाण्यात टाका आणि वहीत फक्त वेळ व वाक्य लिहा.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा आपलीच तीन बोटं उभी आत जात नसतील, तर वही-बिही बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा.