शरदाच्या अखेरीचा उकाडा आणि आठवड्याचा अंदाज: या चुका टाळा

थंडी पडायची ती सोडून चार-सहा दिवस पारा चढतो, आणि जो तो आठवड्याचा अंदाज उघडून बसतो. बघितला जातो मात्र एकच आकडा, कमाल तापमानाचा. फसगत तिथूनच सुरू होते.

शरदाच्या अखेरीस दिवस आखूड झालेला असतो आणि सूर्य भरदुपारीही खालीच राहतो. त्यामुळे कमाल 27 अंश असलं तरी ती ऊब दोन-तीन तासांचीच. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर सूर्यास्तानंतर जमिनीतली उष्णता सरळ वर निघून जाते. ज्या निरभ्रपणामुळे दुपार तापते, त्याच्यामुळेच रात्र गारठते. दोरीवरचे कपडे चार वाजता हाताला कोरडे लागतात आणि सहा वाजता पुन्हा दमट, ते याचमुळे. म्हणून कमाल आणि किमान हे दोन्ही आकडे एकत्र वाचा.

किमान वाचतानाही एक चूक होते. अंदाजातलं तापमान जमिनीपासून साधारण दीड-दोन मीटर उंचीवरच्या, सावलीतल्या हवेचं असतं. शांत, निरभ्र रात्री गवताजवळची हवा त्याहून काही अंशांनी थंड असू शकते. मी एकदा ‘किमान 3’ वाचून निर्धास्त झालो आणि कोवळी रोपं उघड्यावरच ठेवली. सकाळी मोकळ्या जागेतल्या रोपांची पानं काळी पडून लोंबत होती. भिंतीला टेकलेली तेवढी वाचली, कारण दिवसभर तापलेल्या भिंतीने त्यांना रात्रभर ऊब दिली. तेव्हापासून किमान 4 च्या खाली आणि वारा शांत असं दिसलं की मी रोपं झाकतोच.

पहाटे गाडी काढायची असेल तर दवबिंदूही बघा, म्हणजे हवा ज्या तापमानाला थंडावली की तिच्यातली वाफ दव होऊन साचू लागते तो आकडा. रात्रीचं तापमान दवबिंदूच्या जवळ येत असेल आणि वारा नसेल, तर धुकं धरायची शक्यता बरीच. ॲपवर त्या दिवसासमोर पिवळा सूर्य असतो, तो पहाटेबद्दल काहीच सांगत नाही.

सगळ्यात मोठी चूक मात्र सहाव्या-सातव्या दिवसाच्या आकड्यावर भिस्त ठेवण्याची. हवामान केंद्रं सुरुवातीच्या नोंदींत बारीक फरक करून तोच अंदाज पुन्हा पुन्हा काढतात; युरोपीय केंद्राच्या अशा संचात 51 अंदाज असतात. उबदार हवा हटून थंड हवा कधी शिरणार, यावर आठवड्याच्या शेवटी त्यांचं एकमत नसतं. समजा, निम्म्यांच्या मते शनिवारी अजून 26 अंश असेल आणि निम्म्यांच्या मते थंडी शिरून 14. ॲप या सगळ्यांची सरासरी दाखवत असेल, तर तुम्हाला दिसतील 20 अंश, म्हणजे ज्याची शक्यता सर्वांत कमी तेच! अशा वेळी शनिवारचा आकडा रोज एकाच वेळी बघून टिपून ठेवा. तो दोन-तीन दिवस जागचा हलला नाही तर बेत करायला हरकत नाही. रोज चार अंश इकडेतिकडे होत असेल तर सहलीचं सामान दोन्ही ऋतूंचं घ्या.

पावसाच्या ‘30 टक्के’चा अर्थ दिवसातला 30 टक्के वेळ पाऊस असा नाही. तुमच्या ठिकाणी त्या काळात मोजण्याइतका पाऊस पडायची शक्यता दहात तीन, एवढाच.

उकाडा संपतो त्या दिवसाचा अंदाज तर तासागणिक उघडूनच बघा. थंड हवा पहाटे शिरली तर त्या दिवसाचं ‘कमाल 18’ हे मध्यरात्रीनंतरच्या पहिल्या तासातलं असू शकतं, आणि दुपारी पारा 9 वर असतो. मुलं मात्र 18 बघून पातळ सदरा घालून निघालेली असतात.