घरातला कॉम्प्युटर कोणत्या वेबसाइट उघडतो, याची नोंद कशी ठेवावी

ब्राउझरच्या हिस्टरीवर विसंबू नका. ती पुसता येते आणि इनकॉग्निटो विंडोत तर राहतच नाही. ‘लॅपटॉपवर वायरशार्क टाका, सगळं दिसेल’ हा सल्ला इंटरनेटवर सर्रास दिला जातो, तोही सोडून द्या. वायरशार्क हे नेटवर्कवरचं ट्रॅफिक दाखवणारं सॉफ्टवेअर. पण राउटर ज्याचं ट्रॅफिक त्यालाच पाठवतो, त्यामुळे तुमच्या लॅपटॉपला मुख्यतः स्वतःचंच ट्रॅफिक दिसतं. घरापुरती कामाची जागा म्हणजे डीएनएस. साइट उघडण्याआधी कॉम्प्युटर तिच्या नावाचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) डीएनएसला विचारतो. ही विचारणा आपल्या ताब्यातल्या यंत्राकडे वळवली, की कोणी, कधी आणि कोणतं नाव विचारलं ते नोंदलं जातं.

त्यात फक्त डोमेन, म्हणजे साइटचं नाव, मिळतं. यूट्यूब उघडलं हे कळेल, कोणता व्हिडिओ पाहिला हे कळणार नाही. कॉम्प्युटरवर व्हीपीएन (सगळं ट्रॅफिक कूटबद्ध करून दुसरीकडून नेणारी सेवा) चालू असेल तर तेवढंही कळणार नाही. आणि घरातल्या मोठ्या माणसांवर ही पाळत गुपचूप ठेवू नका. मुलांनाही आधी सांगा. नोंद ठेवली जाते हे घरात सगळ्यांना माहीत असलंच पाहिजे.

पायरी १. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर (पुढे नुसता ‘पाय’) पाय-होल हे डीएनएसच्या विचारणा हाताळून नोंदवणारं सॉफ्टवेअर बसवा. ५१२ एमबी रॅम पुरते. वाय-फायवर नको, लॅन केबलने राउटरला जोडा. राउटर इन्व्हर्टरवर असेल तर पायही त्यावरच घ्या, कारण पाय बंद पडला की घरभर ‘नेट गेलं’ म्हणून ओरड सुरू होते. बसवताना गोपनीयतेची पातळी विचारली जाते, तिथे सगळं दाखवण्याचा पर्याय निवडा.

पायरी २. राउटरमध्ये पायला कायमचा पत्ता द्या, समजा १९२.१६८.१.२. ज्या कॉम्प्युटरची नोंद हवी त्यालाही तसाच पत्ता राखून ठेवा आणि विंडोजमधलं ‘रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस’ बंद करा. नाहीतर तेच यंत्र नव्या पत्त्याने दिसू शकेल.

पायरी ३. आता विचारणा पायकडे वळवायची. बहुतेकांचं काम इथेच फसतं, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

राउटरच्या डीएचसीपी (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या) सेटिंगमध्ये प्राथमिक डीएनएस म्हणून पायचा पत्ता भरा. दुय्यम रकान्यात ८.८.८.८ (गूगलचा डीएनएस) भरायला सांगणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. दुय्यम डीएनएस हा पाय बंद पडल्यावरच कामाला येणारा राखीव गडी नव्हे. कॉम्प्युटर त्याच्याकडे केव्हाही जातो, आणि तिकडे गेलेली प्रत्येक विचारणा तुमच्या नोंदीतून गळते. दुसरा रकाना रिकामा ठेवा. रिकामा चालत नसेल तर तिथेही पायचाच पत्ता टाका.

इंटरनेट कंपनीने दिलेल्या काही राउटरमध्ये डीएचसीपीखालचा डीएनएस बदलताच येत नाही, फक्त वॅनचा, म्हणजे राउटरच्या इंटरनेटकडच्या बाजूचा, बदलता येतो. तो बदलला तर नोंदी येतात, पण सगळ्या राउटरच्या नावावर, कारण घरातली यंत्रं राउटरला विचारतात आणि राउटर पायला. कोणी काय उघडलं ते कळत नाही. यावर उपाय म्हणजे राउटरचं डीएचसीपी बंद करून पाय-होलचं चालू करणं. आधी पायवरच त्याचा पत्ता पक्का करा, मगच राउटरचं बंद करा. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवू नका.

दुसरी गळती आयपीव्ही६ची, म्हणजे आयपी पत्त्यांच्या नव्या पद्धतीची. इथे जुन्या आयपीव्ही४चं सगळं चोख असूनही बऱ्याच नोंदी गायब असतात. राउटर आयपीव्ही६वर स्वतःचाच पत्ता डीएनएस म्हणून जाहीर करत राहतो आणि विंडोज तो निमूटपणे वापरतं. राउटरच्या लॅन सेटिंगमध्ये आयपीव्ही६चा डीएनएस बदला. ती सोय नसेल तर लॅनवरचं आयपीव्ही६ बंद करा. तेही जमत नसेल तर त्या एका कॉम्प्युटरच्या नेटवर्क अ‍ॅडॉप्टरमध्ये आयपीव्ही६ची खूण काढा. मुलाला त्या कॉम्प्युटरवर अ‍ॅडमिनचं खातं देऊ नका. नाहीतर ती खूण परत लागेल.

तिसरी गळती ब्राउझरची. ब्राउझर कूटबद्ध डीएनएस वापरू लागला, की विचारणा साध्या एचटीटीपीएस ट्रॅफिकमध्ये मिसळून पोर्ट (जोडणीचं क्रमांकाचं दार) ४४३ने जाते आणि पायला त्याचा पत्ताही लागत नाही. क्रोमच्या सुरक्षा सेटिंगमध्ये ‘यूज सिक्युर डीएनएस’ बंद करा. फायरफॉक्स आपणहून हे चालू करू लागला, तर पाय-होल त्याला थांबण्याची खूण देतो. पण कोणी हाताने चालू केलं असेल तर फायरफॉक्स ती खूण मानत नाही. अँड्रॉइड फोनचीही नोंद हवी असेल तर त्यातलं ‘प्रायव्हेट डीएनएस’ बंद करा. ते सहसा पोर्ट ८५३ने जातं. राउटरला फायरवॉल असेल तर पाय सोडून इतर सगळ्या यंत्रांसाठी बाहेर जाणारे पोर्ट ५३ (साध्या डीएनएसचं) आणि ८५३ अडवा.

पायरी ४. कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एनएसलुकअप’ आणि पुढे कुठल्याही साइटचं नाव टाइप करा. वरच्या दोन ओळी वाचा. ‘अ‍ॅड्रेस’पुढे १९२.१६८.१.२ आलं तर ठीक. एफई८०ने सुरू होणारा लांबलचक पत्ता आला, तर तो बहुधा राउटरचा आहे, म्हणजे आयपीव्ही६ची गळती अजून चालू आहे. मग प्रत्येक ब्राउझरमध्ये पूर्वी न उघडलेली एकेक साइट उघडा आणि पाय-होलच्या क्वेरी लॉगमध्ये (विचारणांच्या नोंदवहीत) ती नावं आली का ते पाहा. एकाच ब्राउझरची नावं येत नसतील तर दोष त्या ब्राउझरचा.

पायरी ५. लॉग वाचताना घाई करू नका. बातम्यांचं एक पान उघडलं तरी जाहिराती, फाँट आणि आकडेवारी जमवणाऱ्या कंपन्या मिळून डझनावारी डोमेन येतात. पानावरच्या काही लिंकची नावं ब्राउझर क्लिक होण्याआधीच विचारून ठेवू शकतो. त्यामुळे एखादं भलतंच नाव एकदाच दिसलं म्हणून मुलाला फैलावर घेऊ नका. मागची-पुढची दोन मिनिटं पाहा. खरंच साइट उघडली असेल तर तिच्या चित्रांची आणि व्हिडिओंची डोमेनंही लागोपाठ दिसतात.

आकड्यांवरही जाऊ नका. एकाच भेटीत आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ अशा दोन विचारणा येतात. उलट उत्तर कॉम्प्युटरच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) असेपर्यंत तीच साइट दहादा उघडली तरी नवी नोंद होत नाही.

शेवटी पाय-होलच्या सेटिंगमध्ये नोंदी किती दिवस ठेवायच्या तो आकडा ३०वर आणा आणि डॅशबोर्डला पासवर्ड लावा. नाहीतर घरच्या वाय-फायवर आलेला कोणताही पाहुणा सगळ्यांचा लॉग वाचू शकेल.