कमी बजेटमध्ये जुना १२० फिल्म कॅमेरा कसा निवडावा

मीडियम फॉरमॅटच्या, म्हणजे ३५ मिमीपेक्षा मोठी फिल्म वापरणाऱ्या कॅमेऱ्यात १२० नावाचा रोल लागतो. तो आजही नवा बनतो, हीच मोठी सोय. ६×६ (सेंमी) ची निगेटिव्ह प्रत्यक्षात साधारण ५६×५६ मिमी भरते, म्हणजे क्षेत्रफळाने ३५ मिमी फिल्मच्या निगेटिव्हच्या साडेतीन पटींहून मोठी. पण एका रोलवर ६×४.५ चे १५-१६, ६×६ चे १२, ६×७ चे १० आणि ६×९ चे ८ च फोटो येतात. त्यामुळे आधी रोल, डेव्हलपिंग आणि स्कॅनिंगचा खर्च जोडून एका फोटोला किती पडतात ते काढा. हातातले सगळे पैसे कॅमेऱ्यावर घालू नका. निदान चौथा हिस्सा सर्व्हिसिंग आणि पहिल्या काही रोलसाठी राखून ठेवा.

कोणता प्रकार?

पहिल्या कॅमेऱ्यासाठी आमचं मत स्पष्ट आहे: दोन भिंगांचा टीएलआर घ्या, वरच्या भिंगातून बघायचं आणि खालच्यातून फोटो निघतो. त्याची रचना साधी, बिघडण्याजोगे भाग कमी आणि बहुतेकांना बॅटरीची गरज नाही. याशिका मॅट १२४जी उत्तम आहे, पण नावामुळे महाग झाला आहे. त्याचा लाइट मीटर पाऱ्याच्या १.३५ व्होल्ट सेलवर चालायचा आणि ते सेल आता मिळत नाहीत. म्हणून मीटरसाठी जादा पैसे मोजू नका, मोबाइलमधलं मीटरचं अ‍ॅप पुरतं. जुना याशिका मॅट किंवा याशिका-डी बघा. डी घेताना याशिनॉन भिंगाचा मिळाला तर उत्तम. याशिकोर भिंग पूर्ण उघडं असताना कडांना मऊ पडतं, अ‍ॅपर्चर (भिंगातलं प्रकाशाचं छिद्र) एफ/८ इतकं लहान केलं की मात्र छान काम देतं. त्याच कंपनीच्या नावाजलेल्या रोलाइफ्लेक्सच्या सावलीत राहिलेला रोलाइकॉर्ड हा टीएलआरही विचारात घ्या.

टीएलआर सोडून बघायचं तर मामिया आरबी६७ पूर्ण यांत्रिक आहे आणि चित्र अप्रतिम देतो, पण वजन अडीच किलोच्या आसपास. ट्रायपॉडवर काम करणाऱ्यांनीच त्याच्या वाटेला जावं. ब्रॉनिका ईटीआरएस आणि मामिया ६४५ चं शटर इलेक्ट्रॉनिक आहे, त्यामुळे सर्किट गेलं तर दुरुस्ती अवघड. आग्फा आयसोलेटसारखे घडीचे कॅमेरे स्वस्त असतात, पण जुनं ग्रीस घट्ट होऊन फोकसची रिंग जाम होते आणि भात्याच्या (भिंग आणि कॅमेऱ्यामधल्या घड्यांच्या नळीच्या) कोपऱ्यांना बारीक भोकं पडतात. आणखी एक सापळा म्हणजे ६२० रोलचे कॅमेरे. फिल्म १२० चीच, पण रिळ वेगळं. ६२० रोलचं उत्पादन १९९५ मध्ये थांबलं, त्यामुळे प्रत्येक वेळी अंधारात फिल्म दुसऱ्या रिळावर गुंडाळावी लागते.

हातात घेऊन तपासणी

मॉडेल कितीही नावाजलेलं असो, समोरचा नग कसा आहे यावरच सौदा ठरवा.

आधी भिंग. मागचं झाकण उघडा, शटर ‘बी’ वर (बटण दाबून धरेपर्यंत शटर उघडं राहतं ती खूण) ठेवून उघडं धरा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा आणि मागून टॉर्च मारून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत राहिलेल्या कॅमेऱ्यात ती हमखास तपासा. बुरशी कोटिंग खाते आणि साफ केल्यावरही डाग उरतो. सगळीकडे धुरकट थर असेल तर फोटो फिके येतात. कडेला इंद्रधनुषी पट्टा दिसला तर भिंगांचा डिंक सुटला आहे, असा नग सोडून द्या. धुळीचे चार कण किंवा पुढचा एखादा बारीक ओरखडा मात्र चालतो. त्याच्या जोरावर भाव पाडून घ्या.

मग शटर. एक सेकंदापासून सुरुवात करा. ग्रीस सुकलं की आधी हेच मंद वेग अडखळतात. मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमचा व्हिडिओ काढा आणि शटर किती फ्रेम उघडं दिसतं ते मोजा: १/३० ला सुमारे ८, १/६० ला ४. पात्यांवर तेलाची चमक दिसली तर सर्व्हिसिंगचा खर्च धरा. सेल्फ-टायमरच्या खटक्याला हात लावू नका, जुन्या शटरमध्ये तो अर्ध्यात अडकला की शटरच बंद पडतं.

टीएलआरमध्ये वरच्या आणि खालच्या भिंगाचा फोकस जुळायला हवा. काचेच्या पट्टीला मॅट चिकटपट्टी लावा आणि ती बाजू भिंगाकडे करून पट्टी फिल्मच्या आतल्या रुळांवर ठेवा. शटर ‘बी’ वर उघडं, अ‍ॅपर्चर पूर्ण खुलं. वरून दीड मीटरवरच्या अक्षरांवर फोकस करा, मग खालची प्रतिमा बहिर्गोल भिंगाने बघा. दूरच्या इमारतीवरही हेच करा.

शेवटी मुदत संपलेला एखादा रोल भरून बाराही फोटोंपर्यंत फिरवा. दर वेळी हँडल आपोआप थांबलं पाहिजे. झाकणाच्या कडेचा फोम चिकट झाला असेल तर घाबरू नका, ते काम स्वस्तात होतं.

मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात फिरून बघता येतं. परदेशातून मागवताना टॉर्च लावलेल्या भिंगाचा फोटो आणि एक सेकंदाच्या शटरचा व्हिडिओ मागा. भाड्याबरोबर कस्टम ड्यूटीही हिशेबात धरा.

पहिला रोल

४०० आयएसओचा (फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा) कृष्णधवल रोल भरा आणि प्रत्येक फोटोचा वेग आणि अ‍ॅपर्चर लिहून ठेवा. काही फोटो पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर जवळच्या छापील मजकुराचे, काही दूरच्या देखाव्याचे आणि काही मंद वेगावर ट्रायपॉडवरून काढा. निगेटिव्हच्या कडेपासून आत काळे पट्टे शिरले असतील तर प्रकाश गळतोय, फोम बदला. फोटो एकमेकांवर चढले असतील तर फिल्म ओढणारे गिअर झिजले आहेत. आणि फक्त मंद वेगांच्या निगेटिव्ह गरजेपेक्षा काळ्या असतील, तर शटर उशिरा मिटतंय, ते उघडून साफ करून घ्या.