फ्रिजविना बर्फाची लादी कशी टिकवावी : बर्फघरांची जुनी रीत

इंदूरला मे महिन्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो आणि नेमके तेव्हाच घरोघरी लग्नकार्य निघते. कारखान्यातून आणलेली बर्फाची लादी पन्ह्यासाठी संध्याकाळपर्यंत टिकवायची असेल, तर बर्फघरांच्या, म्हणजे यंत्रांविना बर्फ साठवण्याच्या जुन्या कोठारांच्या, रीतीइतका खात्रीचा उपाय नाही. उष्णता आत येऊ न देण्याच्या याच तत्त्वावर १८३३ साली बोस्टनहून ‘टस्कनी’ जहाज तळ्यातला सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघाले आणि चार महिन्यांनी कलकत्त्यास पोहोचले, तेव्हा त्यातला सुमारे १०० टन शाबूत होता.

प्रथम जागा ठरवावी. थंड मुलखात बर्फ खड्ड्यात साठवीत, परंतु माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून येथे खड्डा न खणता उत्तरेकडच्या खोलीत लाकडी पेटी विटांवर ठेवावी.

पेटीच्या तळाला भोक पाडून नळी बसवावी. हे काम सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण वितळलेले पाणी साचले की ते लादीभोवती भरायच्या लाकडाच्या भुशात मुरते आणि ओला भुसा बाहेरची उष्णता बर्फापर्यंत पोहोचवतो. नळीला खाली वाक द्यावा, म्हणजे त्यात थोडे पाणी अडून राहते आणि गरम हवा आत शिरत नाही.

त्यानंतर तळाशी वीतभर कोरडा भुसा पसरून त्यावर फळ्यांची जाळी ठेवावी. भुसा वखारीतून आणताना मुठीत दाबून पाहावा; गोळा झाला तर तो ओला आहे, घेऊ नये. लादी न फोडता, स्वच्छ कापडात गुंडाळून मधोमध ठेवावी. एकाहून अधिक लाद्या असल्यास फट न ठेवता खेटून रचाव्यात, कारण वितळणे पृष्ठभागावरूनच होते. चारही बाजूंनी आणि वरून वीतभर भुसा दाबून भरावा व झाकणाखाली कोरडे गोणपाट घालावे.

एक किलो बर्फ वितळायला सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता लागते, त्यामुळे ती आत येण्याची वाट अडवली की बर्फ बराच काळ टिकतो. म्हणूनच पेटी वारंवार उघडू नये; लागेल तेवढा बर्फ एकदाच काढून रिकामी जागा लगेच भुशाने भरावी.

हा बर्फ पन्ह्यात घालायचा असेल, तर तो पिण्याच्या पाण्याचा असल्याची आधी खात्री करावी आणि भुसा पूर्ण निघेपर्यंत धुवावा. अन्यथा पन्ह्याची भांडीच बर्फात ठेवून गार करावीत.